खाडीकाठचं घर आणि बनावट बिनशेती आदेश

खाडीच्या काठावर साडेसहा गुंठे, हापूसची चार कलमं आणि वर रस्त्याला जाणारी पाखाडी. मुंबईत राहणाऱ्या एका कुटुंबाने या वडिलोपार्जित जमिनीत चिऱ्याचं घर बांधायला काढलं. ‘कागदपत्रांचं मी बघतो, तुम्ही फक्त गवंडी ठरवा’ असं सांगणाऱ्या माणसाला त्यांनी तीन हप्त्यांत साडेतीन लाख रुपये रोख दिले. पावती मागितली नाही. चार महिन्यांनी हातात एक फोल्डर आलं. त्यात बिनशेती आदेश, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरायची परवानगी होती, चलान होतं, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला होता आणि शिक्का मारलेला नकाशाही होता. जोतं झालं, चिऱ्याचे चार थर चढले आणि काम थांबवण्याची नोटीस आली. आदेश बनावट होता.

वाईट याचं वाटतं, की खोटेपणा त्या कागदावरच दिसत होता. क्षेत्र ‘साडेसहा गुंठे’ असं लिहिलेलं होतं. महसूल खात्याच्या कागदावर ते हेक्टर-आरमध्ये येतं, म्हणजे साधारण 0.06.50 असं. आदेशाची तारीख रविवारची होती. हिस्सा नंबर चुकलेला होता. कोकणात एका सर्व्हे नंबरचे दहा-बारा हिस्से असतात, त्यामुळे हिस्सा चुकला की जमीनच दुसऱ्याची होते. चलानावरचा जीआरएन, म्हणजे सरकारी संदर्भ क्रमांक, ग्रास या सरकारी संकेतस्थळावर टाकला असता, तर पैसे कोणी, किती आणि कशासाठी भरले ते समोर आलं असतं. आणि डिजिटल सहीचा ताजा सातबारा कोणी काढलाच नव्हता. त्यावर जमीन अजून वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची शेतजमीनच होती, बिनशेतीचा फेरफारही नव्हता. आदेशावरचा जावक क्रमांक घेऊन तहसील कार्यालयात जा आणि नोंदवहीत तो पाहायला मागा. दाद दिली नाही, तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करा. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. तेवढे दिवस पाया खणायचा थांबला तर काही बिघडत नाही.

आदेश खरा असता तरी हे घर अडकलंच असतं. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारं क्षेत्र म्हणजे सीआरझेड. समुद्र तीन किलोमीटरवर आहे, इथे सीआरझेड कुठून येणार, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. किनाऱ्यावर सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. भरतीचं पाणी खाडीतून जिथवर आत येतं, तिथवर सीआरझेड येतं. त्यासाठी वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजार भागांत 5 भाग आहे का, हे पाहिलं जातं. 2019 च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात खाडीच्या भरतीरेषेपासून 50 मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी असेल ते क्षेत्र ना-विकास पट्ट्यात येतं. विरळ वस्तीच्या गावात समुद्राकडून हे अंतर 200 मीटर आहे. भरतीरेषा म्हणजे वाळूवरची ओली खूण नव्हे. किनारा व्यवस्थापन आराखड्यावर आखलेली रेषाच धरली जाते. या पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा तेवढ्याच जोत्यावर पुनर्बांधणी चालते, नवं घर नाही. म्हणूनच कुणी पडक्या गोठ्याचा घर नंबर दाखवून ‘दुरुस्तीत बसवतो’ म्हणालं, तर तिथेच उठा.

घर नंबर आणि नमुना 8 चा उतारा घरपट्टीसाठी असतो. त्यातून बांधकाम परवानगी सिद्ध होत नाही. बिनशेतीचंही तसंच. गावठाणालगतच्या जमिनीला बिनशेतीत सवलत असली, तरी ती जागा प्रादेशिक योजनेत विकासयोग्य झोनमध्ये असावी लागते. आणि नकाशा वेगळा मंजूर करून घ्यावाच लागतो.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी सातबारा आणि जुने फेरफार काढा, ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा. सातबाऱ्यावर कूळ, वर्ग 2 (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), खाजगी वन यांपैकी एक शब्द दिसला तरी पुढे जाऊ नका. सामायिक सातबाऱ्यावर वीस नावं असतील, तर आधी वाटप करून घ्या, नाहीतर एकाच भावकीदाराची हरकत काम बंद पाडते. मग भूमी अभिलेखकडून मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा), नगररचना कार्यालयाचा झोन दाखला, आणि खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर भरतीरेषेपासूनचं अंतर. हे सगळं जमल्यावरच परवानाधारक आर्किटेक्टकडून नकाशा करून घ्या. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय चिऱ्याची गाडी मागवू नका. त्याची मुदत एक वर्ष असते आणि पुढे दरवर्षी वाढवून घ्यावी लागते. जोतं झालं की तपासणी, घर झालं की भोगवटा प्रमाणपत्र.

सरकारी शुल्क नेहमी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने भरा. मदत करणाऱ्याला त्याची फी वेगळी द्या, बँकेतून द्या, आणि अर्जाची पोच आपल्या हातात आल्यावरच पुढचा हप्ता द्या.

बनावट आदेश हाती आल्याचं कळलं, तर तो कागद पुढे कुठेही जोडू नका. खोटा आहे हे माहीत असताना वापरला, तर गुन्हा तुमच्यावरही येतो. काम त्याच दिवशी थांबवा, तहसीलदारांना लेखी कळवून पोच घ्या आणि पोलिसांत तक्रार द्या. फोल्डर देणाऱ्याचे मोबाइलवरचे निरोप पुसू नका. रोख व्यवहारात बऱ्याचदा तेवढाच पुरावा उरतो.