सोलर लाइटच्या नावाखाली गटाच्या लोनमध्ये आम्हाला कसं फसवलं, नीट वाचा

बचत गटातल्या बायांना सोलर लाइटसाठी लोन द्यायला कोणी तुमच्या वस्तीवर आलं असेल किंवा येणार असेल तर हे आधी पूर्ण वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. आमच्या गटातल्या बायांची यात फसवणूक झालीय आणि तीच माणसं तोच सोलर दिव्याचा डबा घेऊन आता शेजारच्या तालुक्यात फिरतायत असं कळलं, म्हणून लिहितेय. मी गटाची सचिव आहे, पासबुकं, लोन कार्डं, पावत्या सगळं माझ्या हाताखालून गेलेलं आहे, ऐकीव काही सांगत नाही.

आमची शेतवस्ती बीड जिल्ह्यात, गावठाणापासून लांब. तार आहे पण ती शेतीपंपाच्या फीडरची, म्हणजे आठ तास थ्री फेज आणि तीही कधी दिवसा कधी रात्री, बाकी वेळ अंधार. रॉकेल रेशनवर मिळायचं ते बंद झालं. त्यात निम्मी घरं ऊसतोडीला जाणारी, दिवाळीच्या आगेमागे टोळी निघाली की पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर कोपीत म्हणजे झोपडीत, तिथं तर लाइटचं नावच नाही, पहाटे अंधारात स्वयंपाक, लेकरं खाली झोपलेली, साप-विंचवाची भीती. तेव्हा उचलून नेता येईल असा सोलर दिवा म्हणजे आमच्याकडं चैन नाही, गरज आहे. ही गरज तो दिवा विकायला आलेल्या माणसाला आमच्यापेक्षा चांगली माहीत होती. तो श्रावणात आला, टोळ्या निघायच्या आधी, घरोघरी माणसं असताना.

आणि तो एकटा नाही आला, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. त्याच्याबरोबर मायक्रोफायनान्सचे, म्हणजे गटाला छोटं कर्ज देणाऱ्या कंपनीचे फिल्ड ऑफिसर होते, जे आमच्या सेंटर मीटिंगला नेहमी येतात, ज्यांच्याकडं बाया कित्येक वर्ष वेळेवर हप्ते भरतात. हा नवा माणूस कोण असं कोणी विचारलंच नाही कारण सर बरोबर आहेत म्हणल्यावर विषय संपला. त्याने डबा दाखवला, चांगला जड होता, तीन बल्ब लावले, छोटा पंखा लावला, मोबाइल चार्जिंगला लावला, मीटिंग संपेपर्यंत सगळं चालू. पत्रकावर पंतप्रधानांचा फोटो, वर सूर्याचं चित्र. म्हणे सरकारची योजना आहे, ६० टक्के सबसिडी आहे, ती तुमच्या लोन खात्यातच परत येणार, म्हणजे पहिले काही महिने हप्ते भरायचे, पुढचं सरकार भरणार.

हे धडधडीत खोटं होतं. पीएम सूर्यघर नावाची सरकारी योजना खरी आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, पण ती छतावरच्या, महावितरणच्या मीटरला जोडलेल्या सोलरसाठी आहे. ज्या घराला मीटरच नाही त्याला ती लागू होत नाही, आणि बॅटरीच्या डब्याला तर नाहीच नाही. सबसिडी किलोवॅटवर ठरते, २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि ३ किलोवॅट किंवा जास्त असेल तर ७८,०००, अर्ज सरकारी पोर्टलवर होतो, यादीतला व्हेंडर काम करतो, तपासणी होते आणि मग पैसे थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. लोन खात्यात परस्पर सबसिडी जमा होणार असं कोणी सांगितलं की तिथंच त्याला थांबवा.

लोन २४,००० चं, हप्ता १,३०० आणि २४ महिने. व्याज विचारलं तर वर्षाला १५ टक्के फक्त, असं उत्तर. आता २४ हप्ते गुणिले १,३०० म्हणजे ३१,२००, वरचे ७,२०० व्याज, हिशोबाला १५ टक्के बरोबरच दिसतं. पण हा फ्लॅट व्याजदर. आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण २४,००० वरच लागत राहतं, त्यामुळे घटत्या मुद्दलीवर काढलं तर तोच दर २६-२७ टक्क्यांवर जातो. त्यात प्रोसेसिंग फी आणि विमा आधीच कापलेला. विमा घेता का असं एकीलाही विचारलं नव्हतं.

आता अंगठ्याचं ऐका. लोन खात्यात पडलं त्या दिवशी तो माणूस छोटी मशीन घेऊन आला, केवायसी पूर्ण करायचीय म्हणाला, एकेकीला बोलावून अंगठा लावायला लावला. मग म्हणे बोट नीट उमटलं नाही, परत लावा. परत लावला. अजून एकदा लावा. शेतात काम करणाऱ्या बायांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, रेशनच्या दुकानात पण तीन-चारदा लावावं लागतं, म्हणून कोणालाच वावगं वाटलं नाही. नंतर पासबुकं भरून आणली तेव्हा दिसलं की प्रत्येकीच्या खात्यातून तीनदा पैसे निघालेत, १०,०००, परत १०,००० आणि मग उरलेले, आधारवरून. एका वेळेला १०,००० च्या वर निघत नाहीत म्हणून तीनदा अंगठा. बँकेचे मेसेज आले असणार पण खात्याला नंबर नवऱ्याचा किंवा पोराचा, कोणी पुण्याला, कोणी ट्रॅक्टरवर, कोण बघतंय. पावती नाही, बिल नाही, वॉरंटी कार्ड नाही, सगळं ऑफिसमधून येईल म्हणाला. वस्तू मात्र पंधरवड्याने एका टेम्पोतून आली, उतरवून टेम्पो गेला, तो स्वतः आलाच नाही.

आलेला डबा दिसायला तसाच, पण हलका. तेव्हाच एक-दोघी म्हणल्या होत्या की हा तो नाही. घरी असेपर्यंत कसंतरी चाललं, कारण अधूनमधून तारेची लाइट असायची आणि डब्यावर पूर्ण रात्र काढायची वेळ आली नाही. कोपीवर गेल्यावर खरं कळलं. माझ्या जावेचा फोन आला, ताई दिवा दोन तास बी पुरत नाही, पंखा लावला की लगेच बंद पडतो. मग दुसरीचा, तिसरीचा, सगळ्यांचं तेच.

आमच्या गावात मोटार रिवाइंडिंग करणारा पोरगा आहे, त्याच्याकडं घरी राहिलेला एक डबा नेला. स्टिकरवर ७५ वॉट पॅनल आणि १२ व्होल्ट ४० अँपिअर-तास बॅटरी. पॅनल दीड फूट बाय एक फूट. तो बघताक्षणीच म्हणला एवढ्या काचेतून ७५ वॉट निघूच शकत नाही, चांगल्यातलं चांगलं पॅनल असलं तरी एवढ्या जागेत २५-३० च्या पुढं जात नाही. भर दुपारी मल्टिमीटर लावून दाखवला, सव्वा अँपिअरच्या वर काटा जाईना, ७५ वॉटला चारच्या आसपास पाहिजे. मग डबा खोलला. आत बोटाएवढे १२ सेल, काही निळे काही हिरवे, जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्यांतून काढलेले असावेत असं तो म्हणला. नवे असते तरी तेवढ्यांचे मिळून १० अँपिअर-तास झाले असते. किती किमतीचा माल असेल विचारलं तर तो पाच-सहा हजारांच्या वर जायला तयार नाही. आणि त्यासाठी आमच्या बाया ३१,२०० भरणार.

फायनान्स कंपनीच्या शाखेत गेलो तर उत्तर तयार होतं, आम्ही पैसे दिलेत, वस्तू तुम्ही तुमच्या मर्जीने घेतली, वस्तूची तक्रार दुकानदाराकडं करा. दुकानदार कोण? पत्रकावरचा नंबर बंद, पत्ता जिल्ह्याच्या ठिकाणचा, तिथं त्या नावाचं दुकान नाही. सगळी रचना अशी केलेली की पैसे देणारा वेगळा, विकणारा वेगळा, आणि मध्ये जबाबदार कोणीच नाही. पण हप्ता मात्र चुकत नाही, कारण गटाचं लोन, एकीचा थकला की बाकीच्यांनी भरायचा, नाहीतर मीटिंग उठत नाही. विकणाऱ्याने केलेल्या चोरीची वसुली बायांनी एकमेकींकडून करायची हा प्रकार मला अजून सहन होत नाही. दोन बायांनी कोपीवरून मुकादमाकडून जास्तीची उचल घेऊन हप्ते पाठवले. म्हणजे जो दिवा पेटत नाही त्याच्यासाठी पुढच्या हंगामाची मजुरी आत्ताच गहाण पडली.

सोलरसाठी छोटं लोन ही कल्पनाच वाईट आहे असं कोणी म्हणू नका, मी तरी म्हणणार नाही. शेजारच्या कर्नाटकात सेल्को नावाची कंपनी १९९५ पासून गरीब घरांना सोलर देतेय, ग्रामीण बँका, सहकारी संस्था, बचत गटांकडून कर्ज मिळवून देतात आणि दुरुस्तीला जवळच आपली माणसं ठेवतात, ती सुरू करणाऱ्यांपैकी हरीश हांडेंना २०११ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. बांगलादेशात ग्रामीण शक्ती नावाची संस्था १९९६ ला सुरू झाली, तिथं दर महिन्याला हप्ता घ्यायला जो यायचा तोच बॅटरी पण तपासायचा, आणि तिकडच्या सरकारी कार्यक्रमातून पुढं ४० लाखांवर घरांत सोलर बसले. दिवा बंद असेल तर हप्ता मागायला आलेल्या माणसालाच ते आधी ऐकावं लागतं, एवढ्या एका गोष्टीने किती फरक पडतो बघा. आमच्याकडं हप्ता नेणाऱ्या सरांनी डब्याकडं परत एकदाही बघितलं नाही.

मग आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज, सगळ्यांच्या सह्या, लोन कार्ड आणि पासबुकच्या झेरॉक्स, आणि आपल्या कॉपीवर पोचचा शिक्का. तोंडी काही बोलू नका, त्याचा काही उपयोग होत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडं फुकटात तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. आरबीआयने २०२२ ला मायक्रोफायनान्सचे नियम आणले ते आम्ही अर्जात एकेक करून लिहिले. कर्जाची सगळी माहिती कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायची, आमची कार्डं इंग्रजीत होती. विमा किंवा दुसरी कुठली वस्तू कर्जदाराच्या पूर्ण संमतीशिवाय गळ्यात मारायची नाही आणि तिचे पैसे लोन कार्डावर स्पष्ट लिहायचे. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. थकलं तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचे नाहीत, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. हे वाचून दाखवल्यावर रात्री येणारे फोन थांबले, आणि विम्याचे पैसे परत आले. लोन मात्र कायम आहे.

पैसे अंगठ्याने निघालेत तर त्याच दिवशी बँकेत लेखी द्या आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरवर फोन करा, तिथं उशीर झाला की पैसे मिळायची शक्यता कमी कमी होत जाते, आमचं तेच झालं कारण पासबुकं भरायलाच आम्हाला उशीर झाला. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, गरज पडेल तेव्हा उघडता येतं, मोबाइलवरून नाही जमलं तर आधार केंद्रात जा किंवा आधारच्या १९४७ नंबरवर विचारा. आणि प्रत्येकीने आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावर कुठली कर्जं आहेत त्याची नोंद, काढून बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, ही नोंद ठेवणाऱ्या सीआरआयएफ हाय मार्क, सिबिल अशा सगळ्या कंपन्यांकडून. आमच्यातल्या एकीच्या नावावर तिने कधी न घेतलेलं दुसरं लोन त्यात दिसलं, त्याची पोलीस तक्रार वेगळी केलीय.

वस्तू घ्यायचीच असेल तर दुकानाचं पक्कं जीएसटी बिल, त्यावर पॅनलचे वॉट आणि बॅटरीचे अँपिअर-तास, सिरीयल नंबर, वॉरंटी किती वर्षांची आणि बिघडल्यावर येणार कोण हे लिहून घ्या, आणि तो डबा एक पूर्ण रात्र आपल्या घरात पेटल्याशिवाय पैसे सोडू नका. टोळीला जाणाऱ्यांनी तर हे पण विचारा की तळावर बिघडला तर काय. मीटिंगमध्ये दाखवलेला डबा आणि घरी आलेला डबा एकच आहे का ते बघायला त्याचा नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा, वजन पण करा, किराणा दुकानाच्या काट्यावर झालं तरी चालेल.

आता आमचं प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे, ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही आणि वकील नसला तरी चालतो. आम्ही विक्रेता आणि फायनान्स कंपनी दोघांनाही पार्टी केलंय, कारण ज्या मीटिंगमध्ये हा डबा विकला गेला ती मीटिंग कंपनीची होती आणि तिच्या रजिस्टरवर त्या दिवसाची फिल्ड ऑफिसरची सही आहे, त्या पानाचा फोटो आमच्याकडं आहे. बीड, अहिल्यानगर, धाराशिवकडं कोणाकडं असाच डबा आला असेल तर मागचं स्टिकर, लोन कार्ड आणि पासबुकातल्या त्या तीन नोंदी यांचे फोटो आजच काढून ठेवा आणि डबा रागाने फेकून देऊ नका, तो पुरावा आहे.