नोनीचा रस, ८५० रुपये: दोन तारे, त्यातला एक बाटलीला

माझा भाचा सेलूहून परभणीला आला की रिकाम्या हाताने येत नाही. मागच्या खेपेला पाण्याचं फिल्टर होतं, या खेपेला नोनी नावाच्या फळाचा रस. "आत्या, तीन महिने घेऊन तर बघ. गुडघे, शुगर, बीपी, सगळ्यावर चालतंय. अंदमानचे लोक हेच पिऊन ठणठणीत हायेत." ५०० मिलीची बाटली ८५० रुपयांना, आत्याला म्हणून ८००. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या विक्रीच्या साखळीत आमचे तीन पाहुणे आहेत आणि दिवाळी तोंडावर आलीय.

बाटलीवर निळा समुद्र आणि नारळाची झाडं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत 'हे औषध नाही'. द्राक्षाचा रस, साखर, सोडियम बेंझोएट, सगळं लिहिलंय. नोनी किती टक्के, तेवढं नाही.

झाकण उघडलं आणि आमचे हे म्हणाले, "बोकड बांधलाय का घरात?" मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे मला हसू आलं. पिकलेल्या नोनीचा वास कॅप्रोइक आणि कॅप्रिलिक आम्लांचा, आणि लॅटिनमध्ये कॅप्रा म्हणजे बकरीच. म्हणजे वास खरा होता, थोडीफार नोनी आत असणार. एक तारा त्याचा. चव आंबट, मग कडवट, वरून द्राक्षाची साखर.

नोनी आपल्याला परकी नाही. माहेरी बांधावर बारतोंडी होती, तिच्याच गोतातली. फळाला चहूकडून डोळे, म्हणून बारतोंडी. अशाच झाडांच्या मुळांतून आल नावाचा तांबडा रंग निघायचा, खारव्याचं जाडंभरडं कापड त्यात रंगवायचे. आम्ही पोरं कच्ची फळं एकमेकांना फेकून मारायचो. खाताना मात्र कुणाला बघितलं नाही.

भाचा गेल्यावर बसून वाचलं. प्रशांत महासागरातली माणसं नव्या बेटावर जाताना होडीत रोपं घेऊन निघायची: अळू, नारळ, केळी, ऊस, चक्क हळद, आणि नोनी. वसमतच्या हळदीच्या सोबतिणीला होडीतून हवाईपर्यंत नेलं, याचं मला भारी अप्रूप वाटलं. पण तिथं नोनी बहुतेक अंगावर लावायची वस्तू. पानं गरम करून दुखऱ्या सांध्यावर ठेवायची, पिकलेलं फळ गळवावर बांधायचं, कुटून उवांसाठी केसांना चोळायचं. खायचं ते टंचाईत. टंचाईत माणूस काय खातो हे बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्लेल्या बाईला कुणी सांगायला नको. निकोबारात फळ मीठ लावून खातात म्हणे, तेही फळ, साखर घातलेला रस नव्हे. बाटलीतून रोज उपाशीपोटी प्यायचं खूळ १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी ताहितीचं नाव लावून जगभर नेलं.

गरम पानाचं वाचलं तेव्हा आई आठवली. ती एरंडाच्या पानाला तेल लावायची, तव्यावर शेकायची आणि रात्री गुडघ्याला फडक्याने बांधायची. समुद्र न बघितलेली बाई, पण त्या बेटावरच्या म्हातारीशी तिचं चांगलं जमलं असतं.

आता गुडघ्यांचं. १९ दिवस रोज घेतला. गच्चीवर पापड वाळवायला जाताना आठव्या पायरीवर बसावं लागायचं, अजूनही बसते. विसाव्या दिवशी बीपी तपासायला गेले तर डॉक्टरांनी आधी गोळी विचारली. टेल्मिसार्टन. "मग हे बंद करा," म्हणाले. या गोळीने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं आणि नोनीच्या रसात ते भरपूर असतं, जवळपास संत्र्याच्या रसाइतकं. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी तर लांबच राहावं. भाच्याने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्याला तरी कुणी सांगितलं असेल का, देव जाणे. फोन केला तर म्हणाला, "आत्या, तू कोर्स पूर्ण केला नाहीस."

उरलेला रस मोरीत ओतला. दुसरा तारा बाटलीचा: जाड काच, झाकण घट्ट, वास मात्र सोडा घालून तीनदा धुतल्यावर गेला. आता तिच्यात करडईचं तेल आहे. एरंडाचं पान शेजारणीच्या परसातून आणते.