बोअरच्या पाण्यावर १५ लिटरचा गिझर: दोन हिवाळ्यांनंतर

कंपनीचं नाव देत नाही, कारण दोष तिचा कमी आणि आमच्या पाण्याचा-विजेचा जास्त. परभणीच्या कडेला घर, बोअरचं पाणी, २००० वॅटचा स्टोरेज गिझर. इकडे थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो, त्यामुळे तो रोज राबतो.

आधी तक्रार आली पाणी उशिरा तापण्याची. २० अंशांचं १५ लिटर पाणी ६० वर न्यायला एकवीस-बावीस मिनिटं पुरतात. आमच्याकडे अर्धा तास उलटून जायचा. मेकॅनिक आला, न उघडताच म्हणाला, "कॉइल गेली, बदलावी लागते." मी म्हटलं, आधी व्होल्टेज तर बघा. मीटरवर १८०! रब्बीत मोटारी चालू झाल्या की हे ठरलेलंच. एवढ्या व्होल्टेजवर २००० वॅटची कॉइल जेमतेम १२०० वॅट देते, मग वेळ लागणारच. कॉइल वाचली.

नंतर तापताना आतून तडतड, खदखद ऐकू यायला लागली. हा मात्र क्षार. मेन स्विच बंद करून, टाकी रिकामी करून मेकॅनिककडून उघडून घेतली, तर कॉइलवर पांढरा कडक थर, स्क्रू ड्रायव्हरनं टोचला की पापुद्रे सुटत होते. तळाशी मूठभर चुरा. मॅग्नेशियमच्या ॲनोड रॉडची (स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवणारी कांडी) आतली तार तेवढी उरलेली. कॉइल लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवल्यावर बरीच साफ झाली. (आईच्या तांब्याच्या बंबाला राख काढण्यापलीकडे काही लागायचं नाही, हे तिनं ऐकवलंच.)

शेजाऱ्यांकडे बटण दाबलं की ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडायचा. तिथं कॉइल खरंच फुटली होती. तिची वायर काढल्यावर पडणं थांबलं. पाणी अजिबात तापत नसेल तर आधी कटआउट बघा, म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणारा सुरक्षा स्विच. रीसेट करूनही तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणाऱ्या भागावर. तापताना जादा दाब सोडणाऱ्या वॉल्व्हमधून थेंब पडले तर घाबरू नका, पाणी फुगतं. दिवसभर गळत असेल तरच वॉल्व्ह पाहा. आणि प्लग १६ अँपिअरचाच हवा, गिझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो.

घेताना दुकानदाराला ॲनोड रॉड गावात मिळतो का, ते विचारा. आम्हाला तो संभाजीनगरहून मागवावा लागला, आणि मेकॅनिक तोवर "त्याच्याशिवाय पण चालतंय की" म्हणत होता.