माझी रोजची माझदा एमएक्स-५ आणि पाच ट्रॅक डे: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी २०१९ ची माझदा एमएक्स-५, क्लब मॉडेल, मॅन्युअल गिअर, कापडी छत. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. याच गाडीने ऑफिसला जातो, याच गाडीतून किराणा आणतो, आणि गेल्या ऑक्टोबरपासून याच गाडीने पाच वेळा ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेसट्रॅकवर चालवायच्या दिवसाला, गेलो. तीनदा विलोजजवळच्या थंडरहिलला, दोनदा माँटेरेजवळच्या लगूना सेकाला. नऊ महिन्यांत ११ हजार मैल झाले, त्यातले ट्रॅकवरचे जेमतेम पाचशे. पाचही वेळा गाडी स्वतःच्या चाकांवर गेली आणि स्वतःच्या चाकांवर परत आली. ट्रेलर नाही, घरात दुसरी गाडी नाही. रविवारी ट्रॅकवर काहीही झालं तरी सोमवारी सकाळी आठला हीच गाडी सुरू व्हायला हवी. माझे सगळे निर्णय या एका अटीवर झाले आहेत, आणि ज्यांच्याकडेही एकच गाडी आहे त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

पहिल्या ट्रॅक डेच्या आधी आयोजक एक तपासणीचा फॉर्म देतात. ब्रेक, टायर, चाकांचे बेअरिंग, बॅटरी घट्ट आहे का, कुठे तेल गळतंय का, असं सगळं त्यात असतं. मी तो घेऊन एका गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी पैसे घेतले, सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा केल्या आणि फॉर्म हातात दिला. ब्रेक ऑइलसमोरही खूण होती. माझं समाधान झालं.

थंडरहिलचा पूर्वेकडचा ट्रॅक ३ मैलांचा आणि १५ वळणांचा आहे. मागच्या लांब सरळ पट्ट्यावर गाडी चांगला वेग घेते आणि त्याच्या शेवटी १४ नंबरच्या वळणासाठी जोरात ब्रेक लावावा लागतो. तिसऱ्या सेशनमध्ये, पाचव्या की सहाव्या फेरीत, तिथे ब्रेक दाबला तर पेडल नेहमीच्या जागी थांबलंच नाही. ओल्या स्पंजवर पाय ठेवावा तसं आत आत गेलं. गाडी हळू झाली, पण माझ्या अंदाजापेक्षा बरीच पुढे जाऊन. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने शांतपणे सांगितलं, पेडल पटापट दोन-तीनदा दाब आणि आत चल. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, येईपर्यंत माझे हात थंड पडले होते.

माझ्या गाडीत कोणतं ब्रेक ऑइल होतं आणि किती जुनं होतं, हे मी विचारलंच नव्हतं. कंपनी यात डॉट ३ दर्जाचं ऑइल चालतं असं सांगते. त्या दर्जाचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, एवढी अपेक्षा असते. पण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं, आणि पाणी मुरलं की हाच आकडा १४० वर येतो. रस्त्यावर ब्रेक एवढे तापतच नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. ट्रॅकवर दर मिनिटाला चार-पाच वेळा जोरात ब्रेक लागतो, कॅलिपरमधलं, म्हणजे चाकापाशी पॅड दाबणाऱ्या भागातलं, ऑइल उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यात संपतो. १,०६० किलोची हलकी गाडी असूनही हे झालं, तर जड गाड्यांनी किती काळजी घ्यायला हवी ते पाहा.

नोव्हेंबरमध्ये बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला परवानगी नाही, म्हणून ब्रेक ऑइल बदलायला मित्राच्या घरासमोर गाडी जॅकवर घेतली. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर, मी खाली चाकापाशी.

"बाबा, दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा. सोडू नका." मी निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा स्क्रू, पाव फेरा सैल केला, नळीतून ऑइल बाटलीत आलं, निपल बंद केलं. "आता सोडा."

मागच्या उजव्या चाकातून निघालेलं पहिलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. बाबांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "हे तर आमच्या स्कूटरच्या इंजिनातलं वाटतं. आणि गॅरेजवाल्याने बरोबर म्हणून दिलं?" चारही चाकं व्हायला दोन तास लागले. मोट्यूल आरबीएफ ६०० च्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, दुसरी निम्मी उरली. या ऑइलचा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे. खर्च पन्नास डॉलरच्या आत. त्यानंतरच्या चार ट्रॅक डेंमध्ये पेडल एकदाही मऊ पडलं नाही, जूनमध्ये विलोजला चाळीस अंशांची उष्णता होती तेव्हासुद्धा नाही. मात्र हे ऑइलही ओल शोषतंच, म्हणून प्रत्येक ट्रॅक डेनंतर पुढच्या दोन चाकांतून थोडं काढतो आणि वर्षातून एकदा सगळं बदलणार आहे. नऊ महिन्यांत केलेल्या सगळ्या खर्चांत हा सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोलाचा.

ब्रेक पॅडच्या बाबतीत मात्र मी एकदा चुकलो. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींना चालतील असे पॅड नोव्हेंबरमध्ये बसवले आणि फेब्रुवारीपर्यंत वापरले. ट्रॅकवर ठीक होते. रस्त्यावर प्रत्येक सिग्नलला किंचाळायचे, चाकं आठवड्यात काळी व्हायची, आणि डिसेंबरच्या थंड सकाळी पहिला ब्रेक नेहमीपेक्षा कमी लागायचा. मला आवाजाचं काही वाटत नाही, पण घरातून निघताना पहिल्याच चौकात शाळेची मुलं रस्ता ओलांडतात. तिथे ब्रेक थंडच असतात आणि तरीही पूर्ण लागायला हवेत. मार्चपासून दोन जोड ठेवलेत. शुक्रवारी रात्री पुढचे पॅड बदलायचे, रविवारी रात्री परत मूळचे लावायचे. मागच्या चाकांना कायम एकच मध्यम जातीचे. आता पुढचं काम चाळीस मिनिटांत होतं. पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं, हे विसरलात तर पहिला ब्रेक थेट जमिनीला टेकेल. आणि नवे पॅड रिकाम्या रस्त्यावर हळूहळू तापवून बसवून घ्या, डब्यातून काढले आणि थेट ट्रॅकवर नेले असं करू नका.

रोल बारचं, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या सीटमागच्या लोखंडी कमानीचं, सांगतो. कापडी छताच्या गाडीला बहुतेक आयोजक रोल बारशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत, आणि सीटच्या मागे कंपनीने दिलेले काळे उंचवटे ते धरत नाहीत. शिवाय काठीची चाचणी असते. विंडशील्डच्या वरच्या कडेवर आणि रोल बारवर काठी ठेवायची, हेल्मेट घालून सीटवर बसायचं, आणि डोकं काठीच्या खाली राहायला हवं. मी पाच फूट दहा इंच, माझं हेल्मेट एक बोट वर गेलं. सीटचं कव्हर काढून खालचा फोम कापून बसण्याची जागा खाली घेतली, तेव्हा जमलं. कापताना जीव खालीवर होत होता, पण नऊ महिने रोज तासभर त्याच सीटवर बसतो आणि पाठीची तक्रार नाही. २०१९ पासून या गाडीचं स्टिअरिंग पुढेमागेही होतं, म्हणून खाली बसूनही हात नीट पोचतात. प्रशिक्षक शेजारी बसतो, त्यामुळे त्या सीटलाही हीच चाचणी लागू आहे. नाव नोंदवताना उंच प्रशिक्षक नको असं लिहून कळवा.

रोल बार रस्त्यावर धोक्याचाही ठरू शकतो, आणि हे कोणी आवर्जून सांगत नाही. ट्रॅकवर डोक्यावर हेल्मेट असतं, ऑफिसला जाताना नसतं. मागून कोणी धडकलं तर उघडं डोकं त्या लोखंडी नळीवर आपटू शकतं. म्हणून नळीवर एसएफआय ४५.१ दर्जाचं कडक पॅडिंग लावलं. साधा मऊ फोम इथे उपयोगाचा नाही. आणि डोकं व नळी यांच्यात किती अंतर राहतं ते नीट बसून, दुसऱ्या कोणाला बाजूने बघायला सांगून तपासलं. मूळच्या सीटवर चार-पाच पट्ट्यांचे रेसिंग बेल्ट मी लावले नाहीत. त्यांना तशी सीट लागते, नाहीतर अपघातात शरीर पट्ट्याखालून सरकतं. गाडीचा तीन ठिकाणी अडकणारा बेल्टच ओढून घट्ट करून घेतो. हेल्मेट स्नेल एसए२०२० दर्जाचं, म्हणजे गाड्यांच्या रेसिंगसाठीचं आहे. मोटरसायकलचं एम दर्जाचं आणू नका. एसए दर्जात आगीची आणि रोल बारवर आपटण्याची वेगळी चाचणी असते.

टायरच्या बाबतीत एमएक्स-५ वाल्याची अडचण सगळ्यांना माहीत आहे. डिक्की १३० लिटरची, त्यात एक सुटं चाकसुद्धा मावत नाही, आणि गाडीसोबत स्टेपनी येतच नाही. ट्रॅकचे टायर घालूनच जावं लागतं. मी चाकांचे दोन संच केले. आता नियम असा: पावसाच्या महिन्यांत, नोव्हेंबर ते मार्च, मूळचे टायर. बाकी वेळ २०० ट्रेडवेअरचे, म्हणजे मऊ रबराचे, लवकर झिजणारे. हे टायर कोरड्यात फार चांगली पकड देतात, पण झिजले की ८८० महामार्गावर साचलेल्या पाण्यात गाडी तरंगते. जानेवारीत एका पावसात हे एकदा अनुभवलं आणि त्या शनिवारीच चाकं बदलली. फेब्रुवारीला लगूना सेकाला त्यामुळे मूळच्या टायरवर गेलो, फेरीला वेळ जास्त लागला असेल, मजा कमी पडली नाही.

हवेचं गणित शिकायला मला तीन ट्रॅक डे लागले. दारावरच्या स्टिकरवर थंड टायरला २९ पीएसआय लिहिलंय. तेवढ्यावर ट्रॅकवर गेलो तर पहिल्या सेशननंतर ३८ भरली आणि गाडी वळणात चारही चाकांवर सरकायला लागली. आता थंड असताना २५ वर सुरू करतो आणि पिटमध्ये आल्या आल्या मोजून गरम ३३ च्या आसपास ठेवतो. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारून जायचं. परत आल्यावर रेघ कुठपर्यंत पुसली गेली त्यावरून टायर किती कलतोय ते दिसतं. पहिल्या ट्रॅक डेला बाहेरचा खांदा पार सोलून निघाला होता. पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आतल्या बाजूचा कल, मूळच्या जोडणीत जितका मिळतो तितका घेतला, टो शून्य केला, म्हणजे चाकं अगदी सरळ पुढे बघतील अशी केली, आणि तेव्हापासून रेघ जिथे पुसायला हवी तिथेच पुसते. परतीच्या प्रवासाची गोष्ट मात्र लक्षात ठेवा. संध्याकाळी टायर थंड झाले की हवा २४-२५ वर येते, आणि तशी गाडी अंधारात महामार्गावर अडीच तास चालवायची नाही. स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीच्या किटमध्ये कंपनीने जो छोटा कंप्रेसर दिलाय तो यासाठी उत्तम. चारही टायर भरायला दहा मिनिटं.

चाकांचे नट टॉर्क रेंचने ९० फूट-पाउंडवर. सकाळी एकदा, पहिल्या सेशननंतर गार झाल्यावर एकदा, निघण्यापूर्वी एकदा. प्रत्येक सेशनची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता सावकाश पूर्ण करायची आणि गाडी उभी करताना हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवायची. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कला चिकटून बसतो.

इंजिनाला हात लावला नाही. १८१ हॉर्सपॉवर आहे आणि मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत ते मनापासून वर जातं. मला पाच दिवसांत ताकद एकदाही कमी पडली नाही. सायलेन्सर बदलायची फार इच्छा होती. लगूना सेकाला आवाजाची मर्यादा असते, बहुतेक दिवशी ९० किंवा ९२ डेसिबल, आणि ती ओलांडली तर काळा झेंडा दाखवून आत बोलावतात. मूळचा सायलेन्सर निवांत पास होतो. सस्पेन्शनही क्लब मॉडेलसोबत आलेलं बिल्स्टाइन कंपनीचंच ठेवलंय. गाडी वळणात थोडी झुकते, पण झुकते म्हणूनच ती पुढे काय करणार हे आधी कळतं, आणि शिकणाऱ्याला ते हवंच असतं.

लगूनाच्या कॉर्कस्क्रूबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडं सांगतो. आठव्या वळणापाशी चढ संपतो आणि पुढचं काही दिसत नाही, फक्त आकाश आणि ओकची झाडं. तिथून रस्ता डावीकडे-उजवीकडे वळत सुमारे १८ मीटर खाली जातो, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढं. माथ्यावर गाडी हलकी होते, तेव्हा ब्रेकवर पाय असेल तर मागची चाकं सुटायला बघतात. ब्रेक त्याआधी, चढावर सरळ असतानाच संपवायचा, आणि डोळे समोरच्या एका झाडावर ठेवून वळायचं. आमच्या घाटातलं वळण असतं तर मी आधी हॉर्न दिला असता. इथे समोरून कोणी येत नाही, पुढच्या वळणावर झेंडा घेऊन माणूस उभा असतो, आणि म्हणूनच हे करायची जागा हीच आहे. घाटातली हौस माझी इथे आल्यापासून पूर्ण थांबली.

विमा कंपनीची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचा. माझ्या नेहमीच्या विम्यात ट्रॅकवरचं नुकसान धरलेलं नाही, म्हणून दर वेळी त्या दिवसापुरता वेगळा विमा घेतो. गाडी हप्त्यावर असेल तर हे टाळू नका.

बाबा एप्रिलअखेर परत गेले. मे आणि जूनचं ऑइल एकट्यानेच काढलं, त्यासाठी पंपाने दाब देणारा प्रेशर ब्लीडर घेतला. काम लवकर होतं. तरी मे महिन्यात पहिल्यांदा वापरताना बाबांना व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं, आणि त्यांनी पहिली मागणी केली ती बाटली उजेडात धरून दाखव अशी. ऑइल फिकट पिवळं, जवळजवळ स्वच्छ होतं. मागच्या पॅडची जाडी आता चार मिलीमीटर उरली आहे. सप्टेंबरच्या थंडरहिलआधी ते बदलायचेत, त्यांची ऑर्डर काल दिली.