भूतानचे रोजचे बाराशे रुपये: शुल्क, सेवा आणि दरारा

भूतानला जाणाऱ्या भारतीय पर्यटकाला मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीसाठी माणशी 1,200 रुपये ‘शाश्वत विकास शुल्क’ भरावे लागते. चार प्रौढांच्या कुटुंबाने सहा रात्री राहायचे ठरवले, तर हॉटेल, गाडी आणि जेवण यांचा विचार सुरू होण्यापूर्वीच 28,800 रुपये बाजूला काढावे लागतात, आणि मराठी प्रवाशांच्या गप्पांत भूतानविषयीची पहिली तक्रार बहुधा याच रकमेची असते. या पैशांत नेमके काय मिळते, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते या शुल्काच्या मोबदल्यात पर्यटकाला मिळणाऱ्या सोयी बेताच्याच आहेत. भूतानला मिळणारा मोबदला मात्र फार मोठा आहे, कारण या शुल्काने त्या देशाला पाहुण्यांकडून आदर वसूल करण्याचे साधन दिले आहे.

भूतानची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास आहे, म्हणजे 2011 च्या जनगणनेतील नाशिक शहराच्या साधारण निम्मी. संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व या देशाला 1971 मध्ये मिळाले. 1949 च्या करारानुसार परराष्ट्र व्यवहारांत भारताचा सल्ला मार्गदर्शक मानण्याचे बंधन त्याच्यावर होते, ते 2007 च्या सुधारित कराराने दूर झाले. सैन्य, व्यापार किंवा लोकसंख्या यांच्या बळावर जगाने दखल घ्यावी अशी त्याची स्थिती कधीच नव्हती. 1974 मध्ये परदेशी पर्यटकांसाठी दार उघडतानाच त्याने थोडेच पण भरपूर खर्च करणारे पाहुणे घेण्याचे धोरण स्वीकारले, आणि पुढे ‘सकल राष्ट्रीय आनंद’ या, देशाची प्रगती लोकांच्या आनंदावरून मोजण्याच्या कल्पनेने जगाच्या मनात त्याचे एक चित्र पक्के केले. पाश्चात्त्य पर्यटक या चित्रासाठी आजही रात्रीला 100 डॉलर देतात. 2022 मध्ये तर हा दर 200 डॉलर होता. आपण त्या मानाने स्वस्तात सुटतो.

भारतीयांना मात्र 2020 पर्यंत हे शुल्क लागूच नव्हते, आणि त्याचा परिणाम वागण्यात दिसत असे. 2019 मध्ये आलेल्या तीन लाखांवर पर्यटकांपैकी दोन लाखांहून अधिक भारतीय होते, आणि त्यांतील अनेकांच्या लेखी भूतान म्हणजे दार्जिलिंग-गंगटोकच्या सहलीला जोडायचे आणखी एक थंड हवेचे ठिकाण होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातून मोटारसायकलवर गेलेला एक पर्यटक दोचुला खिंडीतील चोर्तेनवर, म्हणजे बौद्ध स्तूपावर, शिडी लावून चढला आणि त्याचे छायाचित्र सर्वत्र पसरले. तेथले 108 चोर्तेन कशासाठी उभे आहेत, हे कळल्यावर त्या छायाचित्राची लाज अधिक वाटते. भूतानच्या जंगलांत तळ ठोकून बसलेल्या उल्फा, बोडो आणि कामतापुरी या भारतविरोधी सशस्त्र संघटनांवर भूतानच्या सैन्याने डिसेंबर 2003 मध्ये कारवाई केली. त्यात कामी आलेल्या सैनिकांचे हे स्मारक राजमातेने उभारले. ज्या मोहिमेचा लाभ आपल्या ईशान्य सीमेला झाला, तिच्या स्मारकावर पाय ठेवण्याइतका तो देश आपल्याला ‘घरचा’ वाटत होता. भारतीयांवर शुल्क बसवण्याचा विचार त्याआधीपासून चालू होता, त्यामुळे एका प्रसंगाने कायदा झाला असे म्हणता येणार नाही. पण भूतानमध्ये या प्रसंगाविषयी जो संताप उमटला, त्यामागे साचलेले बरेच काही होते.

आता सेवेविषयी. प्रवेश परवान्याचे काम सुरळीत होते. कागदपत्रे नीट असतील तर ऑनलाइन अर्ज करून शुल्कही आधीच भरता येते. भारतातले जयगाव आणि भूतानमधले फुंत्शोलिंग या सीमेवरच्या गावांमधली कमान ओलांडताना जो फरक जाणवतो, त्याचे श्रेय मी या सेवेलाच देईन. कमानीच्या अलीकडे कर्णे वाजवत घुसणाऱ्या गाड्या पलीकडे गेल्यावर पादचाऱ्यांसाठी थांबतात, आणि चालक बहुतेकदा तेच असतात. राजधानी थिंफूमध्ये वाहतुकीचे दिवे नाहीत, चौकातल्या नक्षीदार छत्रीखाली उभा पोलीस हातवाऱ्यांनी वाहने वळवतो, आणि सहसा कोणी त्याची अवज्ञा करत नाही. घो हा पारंपरिक झगा नेसलेला मार्गदर्शक झोंगच्या, म्हणजे किल्लेवजा मठाच्या, दारात खांद्यावर काबने हे पांढरे उपरणे घेतो, तेव्हा एरवी टोपी काढायलाही कुरकुर करणारी आपली मंडळी निमूट बाह्या खाली करतात. मंदिराच्या गाभ्यात छायाचित्रे काढायची नाहीत हा नियम तेथे दोनदा सांगावा लागत नाही. आपल्याकडील लेण्यांत आणि गडांवर ज्यांच्यापुढे पहारेकरी हात टेकतात, तीच ही माणसे आहेत, हे पाहून थोडे ओशाळायला होते.

जेवणाबाबत मात्र निराशा होते. भारतीय गटांसाठी मांडलेल्या बुफेत पातळ वरण, बटाटा आणि कोबी यांपलीकडे फारसे काही येत नाही. मिरची आणि चीजचे एमा दात्शी मुद्दाम मागावे लागते, आणि ते मागावेच. सोबत आचारी नेणाऱ्या सहलींतून गेल्यास तेथेही सकाळी पोहेच खाल, एवढे सांगून हा विषय सोडतो.

मुख्य उणीव वेगळीच आहे. शुल्काचा पैसा आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांसाठी वापरला जातो असे सांगितले जाते आणि देशाची 60 टक्के भूमी कायम वनाच्छादित ठेवण्याचे बंधन खुद्द राज्यघटनेत आहे. पण पैसे भरणाऱ्याच्या हाती येणाऱ्या पावतीवरून आपल्या बाराशे रुपयांचा माग लागत नाही. त्याहून खटकते ती मार्गदर्शकांची आनंदाविषयीची घोटून तयार केलेली भाषा. 1990 च्या दशकाच्या आरंभी सुमारे एक लाख नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांना देश सोडून नेपाळमधल्या छावण्यांत जावे लागले आणि पुढे त्यांतील बहुतेकांचे पुनर्वसन अमेरिकेत व इतर देशांत झाले, याविषयी विचारल्यास विषय हसून बदलला जातो. कामासाठी ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या तरुणांबद्दल ते मोकळेपणी बोलतात, कारण बहुधा प्रत्येकाचे कोणी ना कोणी तिकडे असते. प्रतिमेमुळे मिळणारा आदर पहिल्यांदा त्या प्रतिमेलाच मिळतो, आणि तिच्या चौकटीत न बसणाऱ्या माणसांच्या वाट्याला तो फारसा येत नाही. तरीही शेजारच्या बलाढ्य देशाच्या पर्यटकाला नियमाने वागायला लावणे लहान राष्ट्राला सहसा जमत नाही. भूतानला ते जमले आहे, म्हणून या सेवेला मी पाचपैकी चार गुण देतो.

जाणाऱ्यांनी मतदार ओळखपत्र किंवा पारपत्र सोबत ठेवावे; आधार कार्डावर विसंबून राहू नये. मुलांसाठी जन्मदाखला घ्यावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे शुल्क पडते आणि त्याहून लहानांना ते माफ आहे. मार्गदर्शक ठरवताना, तो दोचुलाला चहापुरता न थांबता अर्धा तास देईल का, हे आधीच विचारून घ्यावे.