प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये मार्जिन तपासायचं कशानं?

ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला मागच्या अंगाने, दोन्ही बाजूंनी चिकटून जातात. त्या वाचवायच्या तर कडेला कॅन्सर राहायची भीती, आणि जास्त अंतर ठेवून कापलं तर नसा जातात. ऑपरेशन चालू असतानाच मार्जिन, म्हणजे काढलेल्या ग्रंथीच्या कडेला कॅन्सर आहे का, हे पाहायचं ते या पेचासाठी. ताठरता आधीच गेली असेल आणि नसा वाचवायच्याच नसतील, तर एवढ्यासाठी हॉस्पिटल बदलण्यात मला अर्थ दिसत नाही.

सर्वांत भक्कम पुरावा आहे फ्रोझन सेक्शनच्या ‘न्यूरोसेफ’ पद्धतीचा. ग्रंथीची नसांकडची कड पूर्ण लांबीभर गोठवतात, पातळ काप रंगवतात आणि पॅथॉलॉजिस्ट ते लगेच वाचतो. कडेला कॅन्सर दिसला तर सर्जन त्या बाजूचा नसांचा पट्टाही काढतो. ब्रिटनमधल्या ५ रुग्णालयांतली चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर ताठरतेची अडचण नसलेले किंवा किरकोळ असलेले पुरुष न्यूरोसेफ गटात ३९ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीत २३ टक्के. मात्र ऑपरेशन लांबतं, आणि लॅबची माणसं त्याच वेळी हजर लागतात. खरी अडचण बहुतेकदा इथेच येते.

कॉन्फोकल मायक्रोस्कोपी यावर तोडगा काढू पाहते. ग्रंथी चमकणाऱ्या रंगात बुडवून लेझरने पृष्ठभाग स्कॅन करतात. काही मिनिटांत पडद्यावर नेहमीच्या स्लाइडसारखं चित्र येतं, तेही ऊतक न गोठवता, न कापता. म्हणून अंतिम तपासणीला नमुना शाबूत राहतो, शिवाय पॅथॉलॉजिस्ट दूर बसूनही पाहू शकतो. पण ही चित्रं वाचायचा सराव लागतो. शिवाय या पद्धतीचे अभ्यास मुख्यतः चित्र किती अचूक आहे ते मोजतात. पुढे रुग्णाचं काय झालं, यावर त्यांचा भर नाही. फ्रोझनची सोय नसेल तर मी हिलाच दुसरी पसंती देईन.

पीएसएमए या, प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर जास्त असणाऱ्या प्रथिनाला चिकटणारे चमकते रंग मात्र वेगळं काम करतात. शिरेतून दिल्यावर ते कॅमेऱ्याला शरीरात, म्हणजे ग्रंथी काढलेल्या जागेतही, उरलेला कॅन्सर दाखवू शकतात. वरच्या दोन्ही पद्धती फक्त बाहेर काढलेला नमुना पाहतात. तरी प्रकाश काही मिलिमीटरच आत जातो आणि प्रत्येक गाठीत पीएसएमए पुरेसं नसतं. किरणोत्सारी गॅलियम-६८ वापरून नमुन्याचा पेट-सीटी स्कॅन किंवा चेरेन्कॉव्ह प्रकाशाचं (किरणोत्सारातून निघणाऱ्या मंद उजेडाचं) चित्रही घेतात. त्याचं अर्धायुष्य ६८ मिनिटं, म्हणजे तेवढ्यात किरणोत्सार निम्मा होतो, त्यामुळे वेळ जुळवताना सगळ्यांची धावपळ होते. हे सगळं प्रामुख्याने संशोधनाच्या पातळीवर आहे. कुणी देऊ केलंच तर संमतीपत्र नीट वाचा. ओसीटी, म्हणजे प्रकाशाने ऊतकाच्या थरांचं चित्र घेणारं तंत्र, अजून मागे आहे.

सर्जनला यंत्राचं नाव विचारू नका. ‘मार्जिन पॉझिटिव्ह आलं तर तिथल्या तिथे काय करता?’ हे विचारा. आणि ऑपरेशनमध्ये मार्जिन स्वच्छ दिसलं तरी अंतिम पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये ते बदलू शकतं. मात्र पॉझिटिव्ह मार्जिन म्हणजे कॅन्सर परत आला असं नाही. बहुतेकदा पुढचं पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) पाहून रेडिएशनचा विचार होतो.