अंगणवाडीतलं बालशिक्षण: फी शून्य, पण आधी एवढं बघा

3 ते 6 वर्षांच्या मुलासाठी घराजवळ, विनाशुल्क आणि जेवणासकट बालवाडी हवी असेल, तर अंगणवाडीला तोड नाही. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेली ही सेवा आजही सरकारी पैशावर चालते. पूरक आहाराचा खर्च महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य निम्मानिम्मा उचलतात, बाकी बहुतेक बाबींत वाटा 60:40.

2023 च्या आधीचा आहाराचा निकष स्पष्ट होता: वर्षाला 300 दिवस, रोज 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं. त्यासाठी 2017 मध्ये ठरलेला दर मात्र प्रत्येक मुलामागे रोज 8 रुपये होता. एवढ्यात डाळ पातळ होणारच!

खरी गोची शिकवण्यात आहे. सेविका एक, मदतनीस एक. त्याच सेविकेला वजन-उंची घ्यायची, पोषण ट्रॅकर (नोंदींचं सरकारी मोबाइल ॲप) भरायचा, गृहभेटी करायच्या. मग गाणी-गोष्टींचा वेळ पहिला कापला जातो. ‘पोषण भी पढाई भी’ हा अंगणवाडीत आहारासोबत शिक्षणावर भर देणारा केंद्राचा उपक्रम 2023 पासून आहे, त्यात रोज किमान दोन तास पूर्वशालेय शिक्षण अपेक्षित आहे.

म्हणून नाव घालण्याआधी सकाळी अकराच्या सुमारास, न सांगता जा. खेळणी कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हातात? चार वर्षांच्या मुलांकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेतायत का? तसं असेल तर ते कौतुकाचं नाही, बोटांचे स्नायू अजून तयार नसतात. ठोकळे, मणी ओवणं, माती मळणं दिसलं तर बिनधास्त घाला. शौचालयात पाणी आहे का, तेही बघाच.